वीस मिनिटं मागे

कार्तिकातली दुपार होती. महाळुंगे पडवळला आमच्या मळ्यात ज्वारीला पाणी चाललं होतं आणि मी बांधावर बसून गड्याला उगाच सूचना देत होतो. मास्तरकी सुटली तरी ही खोड सुटलेली नाही. घोडेगावच्या बाजारातून परतणाऱ्या शेजाऱ्याने वाटेतच गाडी उभी केली आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या शेटचं दुकान आज उघडलंच न्हाई. शेट सकाळीच गेलं म्हनत्यात." एवढं बोलून त्याने बैल हाकलले. मी काय केलं असेल, तर मनगटावरचं घड्याळ पाहिलं. का पाहिलं ते सांगता येणार नाही. घड्याळात तीनला दहा मिनिटं कमी होती, म्हणजे खरे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. माझं घड्याळ आषाढापासून वीस मिनिटं मागे आहे. ते माझ्याच हाताने मागे केलेलं आहे, आणि आज इतक्या दिवसांनी हे लिहायला बसलो आहे तेही त्याच्यापायीच.

घोडेगावच्या एका कापडदुकानदारावर लेख कशाला, असं पुरवणीच्या वाचकांना वाटेल. फुलचंदशेट काही मोठे गृहस्थ नव्हते. त्यांचे आजोबा खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन मारवाडातून या बाजूला आले. नातवाला मारवाडी धड बोलताही येत नसे. तो आंबेगाव तालुक्यातल्या कुणाही माणसासारखा 'लई' आणि 'व्हतं' करत बोलायचा, आणि मी बावीस वर्षं त्याचं बोलणं सुधारत राहिलो, हे आमच्या स्नेहाचं स्वरूप. मी मराठी शाळेत शिक्षक, बिऱ्हाड त्यांच्या दुकानासमोर. शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं, हा माझा नेम, निवृत्त झाल्यावरही तो मोडला नाही. दुकानात खादी होती, मांजरपाट होतं, लुगडी होती, पण रेशमाचा एक हातरुमालसुद्धा नव्हता. किडे उकळून काढलेलं सूत आपण गजाने मोजायचं नाही, असं ते म्हणत. दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं आणि दिवेलागणीनंतर पाण्याचा थेंबही घ्यायचे नाहीत. दरवर्षी भाद्रपदात जैनांच्या संवत्सरीला दिवसभराचा उपास आणि प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची कबुली, झालं की हात जोडून माझ्या दारात उभे राहायचे. "मास्तर, मिच्छामि दुक्कडम्. वर्सभरात माझ्याकडनं कळत-नकळत काय दुखावलं असंल तर माफी असावी." मी दरवर्षी तोच विनोद करायचो, की धोतराचं पान इंचभर कमी मोजलं असेल तर तेवढं सांगून टाका. ते हसायचे, पण हात सोडायचे नाहीत, मी 'माफ केलं' म्हणेपर्यंत.

घड्याळाचंही इथेच सांगतो. मोठ्या लढाईवरून परत आलेल्या पुतण्याने ते मला आणून दिलं. त्याच्या आकड्यांना रेडियम लावलेलं आहे, अंधारात हिरवट चमकतात. शेटना त्याचं फार कौतुक. दुकानामागच्या काळोख्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये ते घड्याळ घेऊन जायचे आणि गिऱ्हाइकांनाही आत बोलवून दाखवायचे. "मास्तरांनी काजवा बांधलाय हाताला," म्हणायचे.

गेल्या माघात त्यांना भाकरीचा घास अडकायला लागला. ते मी पाहिलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की शेट संध्याकाळचं जेवण हळूहळू अलीकडे आणू लागले आहेत. आधी पाचला, मग चारला, मग तीनला. मी चेष्टा केली, "शेट, असंच चाललं तर उद्याचं जेवण आदल्या दिवशीच उरकाल." ते हसले. खरं म्हणजे एकेक घास उतरायला इतका वेळ लागत होता, की लवकर बसल्याशिवाय सूर्याच्या आत ताट संपत नव्हतं. भाकरी दुधात कुस्करून, मग नुसतं दूध, मग मुगाचं पाणी... तोवर चैत्र लागला होता आणि अंगरखा खांद्यावरून घसरायला लागला होता. वैद्यांचं झालं, पुण्याच्या डॉक्टरांचं झालं, त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. शेटच्या घरात इंग्रजी येणारं कुणी नाही, म्हणून सोबत मी. वहिनी, म्हणजे सुंदरबाई, दूध आणि शेगडी घेऊन निघाल्या. मंचरला मोटार धरली, पुण्याला आगगाडी. गाडीत शेट माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, संवत्सरीपर्यंत घसा मोकळा व्हायला पायजे."

"का? पारण्याचं गोडधोड खायचंय?"

"न्हाई. उपास करायचाय."

मला हसू आलं. म्हटलं, "दोन महिने दुसरं काय करताय?"

"घास उतरत न्हाई म्हनून सोडला, त्याला उपास म्हनत्यात व्हय?" ते म्हणाले. "खाता येतंय आन् खाल्लं न्हाई, तर त्यो उपास. एवढा एक करू द्या मला, मग काय बी हुदे."

मुंबईत त्यांना पांढरं, दाट काहीतरी पाजून पडद्यामागे उभं केलं आणि छातीचा फोटो काढला. बाहेर आल्यावर तोंड पुसत म्हणाले, "तुमचा खडू पाजला मला त्यांनी." फोटोत ती पांढरी धार छातीच्या मध्यावर येऊन दोऱ्याएवढी बारीक झाली होती. तरुण डॉक्टर मला बाजूला घेऊन निम्मं इंग्रजीत, निम्मं मराठीत सांगू लागले. अन्ननलिकेत गाठ वाढली आहे, कापून काढण्याजोगी नाही, आधी बाहेरून यंत्राने किरण सोडू, म्हणजे ती आकसेल, नंतर जमलं तर आतून रेडियम. बरे होतील असं ते एकदाही म्हणाले नाहीत. "गिळायला लागतील, काही दिवस," म्हणाले. ते काही दिवस मी शेटना सांगितले नाहीत. आणि किरण म्हणजे काय ते सांगायची वेळ आली तेव्हा मी, बावीस वर्षं पोरांना सोपे प्रतिशब्द शिकवलेला माणूस, मोठ्या रुबाबात म्हणालो, "वहिनी, शेक समजा. यंत्राचा शेक. त्याने गाठ विरघळते."

हा एक शब्द. तो मला कुठून सुचला कोण जाणे.

आम्ही धर्मशाळेत एका खोलीत उतरलो होतो. एक दिवसाआड इस्पितळात जायचं, शेटनी यंत्राखाली पडायचं, परत यायचं. मी दुपारचा फिरायला बाहेर पडत असे. त्या खोलीत दिवसभर बसणं माझ्याच्याने होत नव्हतं, हे आज कबूल करतो. तेवढ्या वेळात वहिनी शेगडीवर तवा ठेवून गव्हाचा कोंडा तापवत, फडक्यात बांधून पुरचुंडी करत आणि यंत्राने जिथे जिथे शेक दिला होता, बरोब्बर तिथेच, छातीवर आणि पाठीवर, पुरचुंडी गार होईपर्यंत शेकत. इस्पितळात एक दिवसाआड, तर आपण रोज. शेकाने विरघळते ना, मग जितका जास्त तितकं बरं. नंतर मी विचारलं तेव्हा शेट म्हणाले, "लई आग व्हायची, पर तिचं तोंड बघून गप राह्यलो." तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी अंगरखा वर केला. कातडी काळी पडून सोलली होती, खालून ओलं मांस दिसत होतं. डॉक्टरांनी विचारलं, हे काय? वहिनी पदर सावरत पुढे आल्या. "शेक दिला, डॉक्टरसायेब. तुमीच सांगितला न्हवं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शब्द माझा आहे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते थकल्यासारखे खुर्चीत बसले. ज्या कातडीवर किरण सोडतात ती आधीच नाजूक झालेली असते, तिला गरम पाणीसुद्धा लावायचं नसतं, म्हणाले. किरण थांबले. जखमा भरल्याशिवाय पुढचं काही करता येणार नव्हतं. घरी न्या, तेवढं दूध जात राहील असं बघा, श्रावणात या. परतीच्या गाडीत वहिनी स्वतःच्या तळहातांकडे बघत बसल्या होत्या. पुढे दूध द्यायच्या आधी त्या वाटीतला थेंब तीनतीनदा मनगटावर टाकून पाहायच्या, कोमट आहे की कसं. मी त्यांना म्हटलं, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, "हात तर माजेच व्हते, भाऊजी."

आषाढात घोडेगावला आभाळ खाली उतरतं. भीमाशंकराच्या बाजूने ढग येतात आणि आठआठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. अशा दिवसांत सूर्य मावळला हे कळायचं कसं? शेट आतल्या खोलीत पडून असत, तिथून तर आकाशाचा तुकडाही दिसत नव्हता. पंचांगातली वेळ आणि माझं घड्याळ, यावर त्यांचा भरवसा. चार वाजता वाटीभर दूध घेऊन बसायचे. एक घोट घ्यायचा, तो अडायचा, डोळे मिटून थांबायचे, कधी परत यायचा, मग दुसरा. दर थोड्या वेळाने विचारायचे, "मास्तर, हाय का अजून?" मी पायरीवर उभा राहून घड्याळ पाहायचो आणि सांगायचो, आहे. मग एक वेळ अशी यायची की मला 'नाही' म्हणावं लागायचं, आणि ते वाटी खाली ठेवायचे. वाटीत अर्ध्याहून जास्त दूध उरलेलं असायचं. ते रोजचं उरलेलं दूध बघून मी वैतागून गेलो होतो. डॉक्टरांनी एवढंच काम सांगितलं होतं, दूध जात राहू दे, म्हणजे श्रावणात रेडियम देता येईल. अंगात काही उरलंच नाही, तर रेडियम कुणाला द्यायचं? आणि ज्या दिरंगाईने हे ओढवलं ती माझ्या शब्दाने झालेली.

एके दिवशी मी पायरीवर उभ्या उभ्या घड्याळाची किल्ली ओढली आणि काटा वीस मिनिटं मागे नेला. आत जाऊन बसलो. "हाय का अजून?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "आहे, सावकाश घ्या." त्या दिवशी वाटी संपली. वहिनी चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी जरा मोठी वाटी आणली. महिनाभर आमचं दोघांचं हे असं चाललं, एक शब्दही न बोलता. एका धर्मनिष्ठ माणसाला मी रोज त्याचं व्रत मोडायला लावत होतो आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून घोट घेत होता. मला त्या दिवसांत झोप चांगली लागायची, हेही लिहून ठेवतो. वाटी संपली होती ना.

श्रावणात जखमा भरल्या आणि आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. काडेपेटीतल्या काडीहून लहान एक नळी, तिच्यात रेडियम. ती दोऱ्याला बांधून घशातून खाली सोडायची, बरोबर गाठीच्या तोंडाशी ठेवायची आणि दोऱ्याचं टोक गालावर चिकटवायचं. चार-पाच तास हलायचं नाही, बोलायचं नाही. शेटनी तो दोरा आधी हातात मागून घेतला आणि अंगठ्याखाली चोळून पाहिला. "रेशीम हाय," ते म्हणाले. "मास्तर, सुताचा असंल तर विचारा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस मरणाच्या दारात आणि दोऱ्याची जात विचारतोय! पण विचारलं. डॉक्टरांनी नर्सला सुती दोरा उकळून आणायला सांगितलं. त्या डॉक्टरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. नळी आणली तेव्हा शेट मला म्हणाले, "तुमच्या घड्याळातलंच न्हवं हे? मग आता अंधारात माझा घसा चमकंल." हसले आणि तोंड उघडलं.

दर आठवड्याला एकदा, असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळेनंतर दहाएक दिवसांनी, घोडेगावला, त्यांनी मऊ खिचडीचा घास घेतला आणि तो थेट खाली गेला. त्यांनी दुसरा घेतला, तोही गेला. वहिनी चुलीपाशी पाठ करून बसल्या, त्यांचे खांदे हलत होते. पुढचे काही दिवस शेट भुकेल्या पोरासारखे जेवले. वरणभात, दुधात भिजवलेली भाकरी, एकदा तर शिऱ्यासाठी हट्ट धरला. गालांवर जरा तेज आलं. ढग फाटले होते, ओट्यावर बसून ते स्वतःच मावळतीकडे बघून ताट सारत होते. माझ्या घड्याळाची कुणाला गरज उरली नव्हती, पण ते पुढे करायचं मला सुचलं नाही.

आणि संवत्सरी आली. सकाळी गेलो तर शेट अंघोळ करून, शुभ्र कपडे घालून जैन स्थानकाकडे प्रार्थनेला निघालेले. उपास... पाण्याशिवाय. माझा तोल सुटला. भर रस्त्यात मी त्यांच्यावर ओरडलो. दोनदा मुंबईच्या वाऱ्या केल्या, बाईमाणसाने धर्मशाळेच्या फरशीवर दिवस काढले, ते तुम्ही उपाशी राहावं म्हणून? डॉक्टर काय म्हणतील? ते शांतपणे म्हणाले, "मोकळा झाला की न्हाई घसा? मग आजच खाणं सोडता येतं, मास्तर. म्होरच्या वर्साचं कुनी बघितलंय?" म्हणजे डॉक्टरांचे 'काही दिवस' मी न सांगताही त्यांना कळले होते. मी तरातरा घरी निघून आलो आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी प्रतिक्रमण आटोपून ते आले. भिंतीचा आधार घेत रस्ता ओलांडून आले आणि दारात हात जोडून उभे राहिले. "मास्तर, मिच्छामि दुक्कडम्." यंदा मला विनोद सुचला नाही. मी म्हणालो, "शेट, आधी माझं ऐका." आणि सांगून टाकलं. घड्याळ, आषाढ, वीस मिनिटं, महिनाभर, रोज. सांगताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ते उंबऱ्यावर बसले.

"ठाव व्हतं," ते म्हणाले.

मी मान वर केली.

"देवळात दिवेलागणीला नगारा वाजतोय न्हवं? रोज. पावसात बी वाजतोय. पयल्या दिशी वाटलं, पुजाऱ्यानं घाई केली. दुसऱ्या दिशी समजलं." बावीस वर्षं मी त्या देवळाजवळ राहिलो होतो आणि नगारा इतक्या सवयीचा झाला होता, की तो वाजतो हेच मला ऐकू येत नव्हतं.

"मग प्यायलात का?" मी विचारलं. "वाटी ठेवली का नाही?"

त्यांनी मान खाली घातली. "भूक लागली व्हती, मास्तर. लई भूक. तुमी 'हाय' म्हनत व्हता, म्हनून म्या बी म्हनलं, हाय. पाप तुमच्या नावावर आन् दूध माझ्या पोटात. मैनाभर. तुमी माझ्यापायी खोटं बोललात, म्या नुसत्या भुकंपायी. आजचा उपास त्याचाच व्हता. मला माफी करा."

हात तसेच जोडलेले होते. मी 'माफ केलं' म्हणेपर्यंत ते सोडणार नव्हते, हे मला बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. मी त्यांचे हात माझ्या हातांत धरले आणि काही केल्या मला ते दोन शब्द बोलता येईनात. माफी कुणी कुणाला करायची होती? शेवटी म्हणालो. त्यांनीही म्हटलं. मग मी त्यांना धरून रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर त्यांनी मुगाच्या पाण्याने पारणं केलं आणि ते पाणी विनासायास उतरलं. आश्विन संपता संपता घसा पुन्हा बंद होत गेला. यावेळी मुंबईला जायचं नाव कुणी काढलं नाही. डॉक्टरांचं पत्र आलं होतं, त्यात पुन्हा येण्याचा आग्रह नव्हता. ते पत्रही मी मराठीत वाचून दाखवलं, पण एकही शब्द सोपा केला नाही. शेवटच्या आठवड्यात ज्वारीच्या पाण्यासाठी मी महाळुंग्याला आलो. चार दिवसांत परततो, म्हणालो. ते म्हणाले, "या सावकाश." बाकीचं वर लिहिलंच आहे.

घोडेगावला पोहोचलो तोवर सगळं झालं होतं. आतल्या खोलीत वहिनी बसल्या होत्या, कोनाड्यात ती मोठी वाटी घासून पालथी घातलेली. मी मनगटाला हात घातला आणि म्हणालो, "आता हे घड्याळ लावून घेतो, वहिनी." त्या म्हणाल्या, "नका लावू, भाऊजी. ऱ्हाऊ द्या तेवढी वीस मिनिटं." मी किल्ली सोडून दिली.

मी आता महाळुंग्यालाच असतो. थकलो आहे, फार कुठे जात नाही, आणि कुणाला शब्द सोपे करून सांगत नाही. दिवेलागणीला इथल्या देवळातली घंटा वाजते. हल्ली ती मला नीट ऐकू येते. दिवा लावायच्या आधी अंधारात आकडे हिरवे चमकायला लागतात, मी घड्याळाकडे पाहतो. त्याच्या हिशेबाने सूर्य मावळायला अजून वीस मिनिटं आहेत. हाय का, म्हणून विचारणारं मात्र कुणी नाही.